दख्खनी मेंढी वाचवायची तर आधी नराचा हिशेब करा

प्रति,
मा. आयुक्त, पशुसंवर्धन, महाराष्ट्र राज्य
तसेच
संचालक मंडळ, पुण्यश्लोक अहिल्यादेवी महाराष्ट्र मेंढी व शेळी विकास महामंडळ, पुणे

विषय: दख्खनी मेंढीचे लोणंद, संगमनेरी, सोलापुरी आणि कोल्हापुरी हे प्रकार मेंढपाळांच्या कळपातच टिकवण्याबाबत

स. न. वि. वि.

२०१९ च्या विसाव्या पशुगणनेत राज्यातल्या मेंढ्या सुमारे २७ लाख भरल्या, म्हणजे २०१२ पेक्षा थोड्या वाढल्याच. त्यामुळे दख्खनी मेंढी धोक्यात आहे असे म्हटले की समोरचा हा आकडा पुढे करतो. पण आकडा डोक्यांचा आहे, जातीचा नाही. लोणंद, सांगोला, आटपाडी यांपैकी कुठल्याही बाजारात सकाळी तासभर उभे राहिले तर फरक डोळ्यांना दिसतो. काळ्या अंगावर तांबूस ठिगळ, पोटाखाली लोकर नाही, कान लोंबते, पाय उंच. ही माडग्याळ या दुसऱ्या जातीच्या संकराची खूण. कर्नाटक-तेलंगणाच्या बाजूला हेच काम नेल्लोर जातीच्या नरांनी केले आहे. अंगभर राठ लोकर असलेली जुनी दख्खनी मेंढी कळपात असते, पण तिच्या पोटी जन्मणारे कोकरू दख्खनी असेलच असे नाही. पशुगणनेच्या मुख्य आकड्यात मात्र दोघीही 'देशी' या एकाच रकान्यात मावतात.

ऑक्टोबर २०२४ मध्ये सुरू झालेल्या एकविसाव्या गणनेत जातवार नोंद आणि भटक्या पशुपालकांची वेगळी नोंद आहे, हे चांगलेच झाले. तिची जातवार आकडेवारी वापरण्याआधी निदान एक तपासणी करा. कळपात कातरणी होते का, वर्षातून किती वेळा, आणि पैदाशीचा नर कोणत्या प्रकारचा आहे, हे तीन प्रश्न निवडक वाड्यांवर, म्हणजे मेंढपाळांच्या फिरत्या तळांवर, जाऊन विचारा. उत्तरे आणि आकडे जुळले नाहीत तर आकड्यांवर योजना आखू नका.

ही मेंढी का राखायची, याचे कारण भावनेचे नाही. दख्खनी मादीचे वजन २८-३० किलोच्या आसपास, नराचे चाळिशीच्या आत. मटणाच्या हिशेबात ती मागे पडते, हे आम्ही नाकारत नाही. पण रोज पंधरा-वीस किलोमीटर चालून, खुरटे गवत आणि शेतातले धाट खाऊन ती गाभण राहते आणि कोकरू वाढवते. तिची लोकर राठ आणि उघडी असते. पावसाचे पाणी निथळून जाते, ऊन पडले की अंग सुकते. विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात मेरिनो आणि रॅम्बुले या विदेशी जातींचे रक्त भरून लोकर मऊ करण्याचा प्रयत्न झाला, तेव्हा नेमके इथेच बिनसले. मऊ, दाट, तेलकट लोकर पाणी धरून ठेवते. माणदेशातल्या मेंढीला पावसातही चालायचे असते आणि काटेरी झुडपांतून चरायचे असते. ओली लोकर अंगावर राहिली की कातडी सडते, माशी बसते, अळ्या पडतात. निळ्या जिभेचा रोग आपल्या देशात पहिल्यांदा १९६० च्या दशकात महाराष्ट्रातच नोंदला गेला. विदेशी आणि संकरित मेंढ्यांना तो देशी मेंढ्यांपेक्षा जास्त जड जातो. मेंढपाळांनी ती जनावरे नाकारली त्यामागे अडाणीपणा नव्हता, हिशेब होता.

आता मुख्य मुद्दा. राजे यशवंतराव होळकर महामेष योजनेत ७५ टक्के अनुदानावर २० माद्या आणि १ नर असा गट दिला जातो. पोटापाण्याची योजना म्हणून ती ठीक आहे. जात राखण्याची योजना म्हणून तिच्याकडे पाहिले तर गणित बसत नाही. कळपाची पैदाशीची खरी ताकद काढण्याचे एक साधे सूत्र पैदासशास्त्रात वापरतात: नर आणि माद्या यांच्या गुणाकाराची चौपट, भागिले दोघांची बेरीज. २० माद्या आणि १ नर यांचे उत्तर येते ३.८. म्हणजे हा कळप बंद राहिला तर तो चार जनावरांच्या कळपासारखा वागतो, आणि दर पिढीला रक्तातली जवळीक सुमारे १३ टक्क्यांनी वाढते. माद्या २० च्या २०० केल्या, नर एकच ठेवला, तरी उत्तर फक्त ३.९८ होते. याउलट ३०० माद्यांमागे एकमेकांच्या नात्यातले नसलेले १५ नर ठेवले तर उत्तर ५७ येते आणि जवळीक पिढीला एका टक्क्याच्या आत राहते. हे उत्तर ५० च्या खाली जाऊ देऊ नये, हा जगभर मानला जाणारा किमान आकडा आहे. सगळा खर्च माद्या वाटण्यावर होतो आणि सगळे गणित नरावर अडते, हे आम्हाला आपल्यापुढे मांडायचे आहे.

नराचे गणित बिघडते ते बाजारात. कोकरू तीन-चार महिन्यांचे झाले की व्यापारी वाड्यावर येतो. तो सगळ्यात आधी कुठले उचलतो? भराभर वाढलेले, छाती भरलेले, चपळ नर कोकरू. मागे राहते ते किडके, उशिरा जन्मलेले किंवा आजारपणात खुरटलेले. पुढे तेच नर म्हणून वापरले जाते. जे एखादे चांगले उरते ते बकरी ईदच्या भावाला जाते, आणि त्यात मेंढपाळाची चूक नाही. पावसाळ्यात औषधाला आणि किराण्याला रोख पैसा लागतो, तो याच विक्रीतून येतो. वर्षानुवर्षे असे चालले की कळपातल्या वाढीच्या सगळ्यात चांगल्या वंशाला दर हंगामात कात्री लागते. मग 'दख्खनी वाढत नाही' म्हणून माडग्याळचा नर आणला जातो.

यावर उपाय एकच दिसतो. चांगले नर कोकरू विकले जाऊ नये म्हणून त्याच्या मालकाला पैसे द्यायचे. त्याला राखण-रक्कम म्हणा. ती कशी द्यावी तेही सांगतो. जून-जुलैत नर सोडला की दीडशे दिवसांनी, म्हणजे दिवाळीच्या मागेपुढे, कोकरे येतात. ३०० माद्यांच्या गटातून साधारण २४० कोकरे जगतील असे धरले तर १२० नर होतील. तिसऱ्या महिन्यात सगळ्यांची वजने करून त्यातले ३० निवडायचे. पहिला हप्ता त्याच दिवशी द्यायचा, आणि तो त्या आठवड्याच्या बाजारभावाइतका हवा. अनुदानाच्या ठरीव दराने दिला तर कोकरू व्यापाऱ्याकडेच जाईल. दुसरा हप्ता नवव्या महिन्यात, तो जनावर जिवंत आणि धडधाकट दाखवल्यावर. दीड वर्षाच्या सुमारास ३० मधून १५ कायम करायचे आणि तिसरा हप्ता द्यायचा. उरलेले १५ मालकाने हवे तर विकावेत, त्याचे दोन हप्ते परत मागू नयेत. परत मागितले तर पुढच्या वर्षी कोणी नाव देणार नाही. करारात बकरी ईदची तारीख लक्षात घेऊनच हप्त्याचा महिना ठरवा. ईदनंतर आलेला हप्ता म्हणजे विकून गेलेल्या नराचा हप्ता.

तिसऱ्या महिन्यात, म्हणजे फेब्रुवारी-मार्चमध्ये, बरेचसे वाडे कोकणात किंवा नदीकाठच्या शेतांवर खतासाठी मेंढ्या बसवायला गेलेले असतात. वजनकाटा घेऊन माणूस तिथे गेला पाहिजे. 'लाभार्थ्याने कोकरासह दवाखान्यात हजर राहावे' अशी अट घातली की ही योजना कागदावर राहील. २५ किलोचा झोळीचा स्प्रिंग काटा, १२ अंकी टॅग, टॅगर आणि वही, एवढ्यावर काम होते. कोकरू सकाळी चरायला जाण्याआधी मोजावे, संध्याकाळी भरल्या पोटाने किलोभर फरक पडतो. जुळे असेल तर तसे लिहावे आणि आईचा टॅगही लिहावा. एकट्या कोकराला दुधाचा फायदा मिळालेला असतो, म्हणून जुळ्यातले १३ किलोचे नर एकट्या १४ किलोच्यापेक्षा चांगले असू शकते. टॅग कानाच्या बुडाकडे, दोन शिरांच्या मधल्या जागेत मारावा. टोकाला मारला तर बाभळीत अडकून कान फाटतो. पावसाळ्यात मारू नये, जखमेत अळ्या पडतात.

नर एका कळपात किती दिवस ठेवायचा, हा पुढचा प्रश्न. पहिल्या जूनला सोडलेल्या नराच्या मुली दिवाळीत जन्मतात. काही चपळ पाठी (तरुण माद्या) सात-आठ महिन्यांतच माजावर येऊ शकतात, बहुतेक दीड वर्षाच्या होऊन तिसऱ्या जूनला. म्हणजे तिसऱ्या जूनपूर्वी नर हललाच पाहिजे, नाहीतर बाप-लेकीचा संबंध येतो. दोन हंगाम, बस. शेजारच्या पाच-सहा वाड्यांचा एक गट करावा आणि पहिल्याचा नर दुसऱ्याकडे, दुसऱ्याचा तिसऱ्याकडे, शेवटच्याचा पहिल्याकडे असा नेहमी एकाच दिशेने फिरवावा. दोन वाड्यांनी आपापसांत अदलाबदल केली की दोन फेऱ्यांत नर घरच्या कळपात परत येतो आणि नाते पुन्हा जुळते. मेंढपाळ हे काही प्रमाणात आपणहून करतातच. वाड्यावाड्यांत नर मागून नेण्याची रीत जुनी आहे. खात्याने फक्त वहीत दिशा लिहून द्यायची.

फिरणाऱ्या नराबरोबर रोगही फिरतो, हे मात्र विसरता येणार नाही. हलवण्याआधी किमान २१ दिवस आंत्रविषार आणि देवीची लस झालेली असावी, पीपीआरची (शेळ्या-मेंढ्यांच्या प्लेगची) मुदतीत असावी. रक्त तपासून ब्रुसेलोसिस (पैदाशीवर परिणाम करणारा संसर्गजन्य रोग) नाही याची खात्री करावी आणि दोन्ही अंडकोष हाताने चाचपावेत. ते सारखे, घट्ट आणि गाठ नसलेले असावेत. नव्या वाड्यावर पहिले दहा-बारा दिवस त्याची वाघूर (जाळीचे कुंपण) वेगळी लावावी. खूर पाच टक्के मोरचुदाच्या पाण्यात बुडवावेत, म्हणजे दहा लिटरला अर्धा किलो. ते पाणी मेंढीच्या तोंडी लागू देऊ नये. मोरचुदातले तांबे मेंढीला फार लवकर बाधते, आणि ही चूक वाड्यावर होताना दिसते.

शासकीय प्रक्षेत्रांवरचे नर वाटून हे काम होणार नाही का, असे विचारले जाते. रांजणी, महूद, दहिवडी इथली प्रक्षेत्रे उपयोगाची आहेत, पण गोठ्यात वाढलेला नर थेट वाड्यावर दिला तर तो बरेचदा टिकत नाही. त्याची खुरे मऊ असतात, तिसऱ्या-चौथ्या दिवशी लंगडतो आणि माद्यांच्या मागे राहतो. पोटाला ठरलेल्या खुराकाची सवय असते. ज्वारी-बाजरी काढलेल्या रानात सांडलेले दाणे तो एकदम खातो, पोटात आम्ल वाढते आणि तो पडतो. वाटप बजेटच्या सोयीने मार्चमध्ये झाले तर नर ऐन उन्हाळ्यात पायपीट करतो आणि जूनमध्ये हंगाम सुरू होतो तेव्हा त्याच्या अंगात काही उरत नाही. प्रक्षेत्राचा नर द्यायचाच असेल तर एप्रिलपासून रोज चालवून, खुराक हळूहळू कमी करून, मेअखेर द्यावा. हंगामापूर्वी तीन आठवडे रोज २०० ते २५० ग्रॅम भरड धान्य चालू ठेवावे, आणि २५-३० माद्यांवर एकच नर. शिवाय वाटपाच्या पत्रकात 'सुधारित नर' एवढेच न लिहिता जात आणि प्रकार लिहावा. लोणंदच्या पट्ट्यात लोणंदचा आणि संगमनेरच्या पट्ट्यात संगमनेरी नर गेला पाहिजे. माडग्याळचा नर तर दख्खनीच्या जतनपट्ट्यात अनुदानावर जाऊच नये.

माडग्याळवर आमचा राग नाही. जत तालुक्यातली ती मेंढीही याच मातीतली, आणि तिच्यापुढचे संकट उलटे आहे: कौतुकाचे. नाकाचा बाक जितका मोठा तितकी बोली चढते, लाखांवर जाते, आणि मग जो तो त्याच एका नराची पिल्ले मागतो. पुन्हा तेच ३.८ चे गणित. बाक वाढवत नेला की वरचा आणि खालचा जबडा जुळत नाही. अशा जनावराला खुरटे गवत तोडता येत नाही. नर निवडताना ओठ वर करून पाहावे: खालचे दात वरच्या हिरडीच्या गादीवर नीट टेकले पाहिजेत. पुढे किंवा मागे गेले तर बोली कितीही असो, तो पैदाशीतून बाद. प्रदर्शनांत बक्षिसाच्या निकषांत ही एक ओळ घातली तरी फरक पडेल.

वीर्य गोठवून ठेवण्याबद्दल थोडक्यात. कर्नालच्या राष्ट्रीय पशु आनुवंशिक संसाधन ब्युरोकडे चारही प्रकारांतल्या, नात्यातल्या नसलेल्या किमान २५-२५ नरांचे वीर्य गेले पाहिजे. पण तो विमा आहे, कळपाला पर्याय नव्हे. मेंढीच्या गर्भाशयाचे तोंड वळणावळणाचे असते. गाईसारखी कांडी आत जात नाही आणि गोठवलेल्या वीर्याने गर्भ राहण्याचे प्रमाण फार कमी पडते. दुर्बिणीने थेट गर्भाशयात सोडले तर जमते, पण ते वाड्यावर करायचे काम नाही. फलटणच्या निंबकर कृषी संशोधन संस्थेने सुंदरबनातल्या गारोळ मेंढीचे जुळ्यांचे जनुक दख्खनीत आणून दाखवले, ते मोठेच काम आहे. मात्र भटक्या कळपात जुळी वाढवायला आईला दूध लागते आणि दूध चाऱ्यातून येते. बंदिस्त किंवा अर्धबंदिस्त कळपांना ती जनावरे द्यावीत. वरच्या ३०० माद्यांच्या जतनगटात ते रक्त मिसळू नये, नाहीतर जतन कशाचे करतो आहोत हेच कळेनासे होईल.

राहिली लोकर. दख्खनी जाण्याचे अर्धे कारण इथे आहे. एका कातरणीत एका मेंढीची पाव किलो ते फार तर अर्धा किलो लोकर निघते, वर्षातून दोन कातरण्या. कातरणाऱ्याची मजुरी लोकरीच्या किमतीपेक्षा जास्त होते, म्हणून अनेक ठिकाणी लोकर कातरून तिथेच टाकली जाते. कातरायची गरजच नसलेली मेंढी मग साहजिकच सोयीची वाटते. लोकरीला भाव मिळाला नाही तर वर लिहिलेली नरांची सगळी व्यवस्था फार दिवस टिकणार नाही. आडात नाही ते पोहऱ्यात कुठून येणार?

भाव न मिळण्यातही मालाच्या हाताळणीचा भाग आहे, आणि तो सुधारता येतो. मेंढ्या धुऊन दोन दिवस स्वच्छ, गोखरू नसलेल्या जागी सुकू द्याव्यात. कातरणी ताडपत्रीवर करावी. पोटाची, पायांची आणि शेपटीजवळची घाण लोकर आधी बाजूला काढावी. कातर अंगाला टेकवून एकदाच चालवावी. वर राहिलेली लोकर दुसऱ्यांदा कातरली की आखूड तुकडे पडतात, ते सुतात धरत नाहीत आणि सूत विणताना तुटते. काळी, पांढरी, करडी अशी रंगवार वेगळी पोती करावीत. न रंगवता मिळणारा काळा रंग हीच या लोकरीची खरी दौलत आहे, आणि त्यात मूठभर पांढरी मिसळली की सगळ्या पोत्याचा दर्जा उतरतो. कोकरांची पहिली कातरणी, म्हणजे जावळ, कधीच मिसळू नये. जावळाच्या घोंगडीला वेगळे गिऱ्हाईक आहे. दमट लोकर प्लास्टिकच्या पोत्यात कोंबली तर पिवळी पडते, म्हणून ज्यूटचे पोते वापरावे.

दोन-अडीच किलोच्या घोंगडीला धूळ-काडी जाऊन दहा-बारा मेंढ्यांची एक कातरणी लागते. हातसुताला चिंचोक्याची खळ दिलेल्या त्या घोंगडीपुढे पानिपतच्या जुन्या कपड्यांच्या धाग्याचे ब्लँकेट निम्म्याहून कमी किमतीला येते. घोंगडी विणणारा सनगर माग बंद करतो तो याच स्पर्धेने. महामंडळाने कातरणीच्या हंगामात वाड्यावर जाऊन, रंग आणि दर्जा पाहून, जागेवर रोख दराने लोकर घ्यावी, कातरणाऱ्यांची पथके स्वतः पाठवावीत आणि त्यांची मजुरी जतनगटातल्या कळपांपुरती तरी उचलावी. आखूड लोकर सुतासाठी वाया गेली तरी जेन या लोकरीच्या जाड बैठकीसाठी चालते, कारण जेन थापून करतात, विणून नाही. शासकीय वसतिगृहे आणि विश्रामगृहांच्या खरेदीत घोंगडी-जेनचा ठरावीक वाटा ठेवला तर खरेदी केलेल्या मालाला वाटही मिळेल.

आमची मागणी मोठ्या रकमेची नाही. चारही प्रकारांसाठी त्यांच्या-त्यांच्या पट्ट्यात प्रत्येकी ३०० माद्या आणि १५ नरांचा एकेक गट, त्यातल्या नरांना राखण-रक्कम, दोन हंगामांची फेरपालट आणि त्याच वाड्यांवर लोकरखरेदी, एवढ्यापासून सुरुवात करा. राहुरीच्या महात्मा फुले कृषी विद्यापीठात दख्खनीवर नोंदी ठेवण्याचे काम वर्षानुवर्षे झालेले आहे. वजनांच्या वहीचा नमुना तिथून घ्यावा, नवा फॉर्म तयार करण्यात वर्ष घालवू नये.

आणि वेळापत्रक. येत्या दिवाळीच्या कोकरांतून पहिली निवड करायची असेल तर माद्यांना टॅग मारणे आणि वाड्यांची नावनोंदणी ऑक्टोबरअखेर संपली पाहिजे. त्यानंतर वाडे घाट उतरू लागतात, आणि कोण कुठल्या गावच्या शिवारात बसले आहे हे फोनवरच विचारावे लागते. नोंदणी करतानाच प्रत्येक वाड्याची फेब्रुवारी-मार्चमधली मुक्कामाची गावे लिहून घ्यावीत आणि त्या तालुक्यांच्या पशुधन विकास अधिकाऱ्यांना आधीच कळवावे.

कळावे,
आपले,
दख्खनी मेंढीच्या कामात असलेले काही पशुवैद्यक, मेंढपाळ आणि घोंगडी विणकर